राखेचं घमेलं

“मग कान केव्हा फाडणार, बाबा?”

विश्वंभरनं विचारलं. परत विचारलं. रोजच विचारायचा.

उमेदनाथबाबा धुनीपाशी बसले होते. धुनी म्हणजे मठातला कायम पेटता जाळ. तिची राख लोक अंगारा म्हणून कपाळाला लावतात, पुडीत बांधून घरी नेतात. बाबांनी चिमट्यानं एक लाकूड आत सारलं.

आमच्या नाथांच्यात गुरू चेल्याचे कान फाडतो, कुंडलं घालतो. मग माणसाचं घर संपलं, गोत संपलं, जुनं नाव संपलं. विश्वंभरला ते हवं होतं. आणि शिवरात्रीला हवं होतं, चार गावची माणसं टेकडीवर आलेली असताना.

“नोकरी सोडली. घर सोडलं. एक वेळ जेवतो. जमिनीवर झोपतो. अजून काय राहिलं?”

“ते काय ओरडतंय?” बाबा म्हणाले.

“कुठं?”

“लाकडांच्या मागं.”

विश्वंभरनं तोंड वाकडं केलं. “मांजराचं पिल्लू आहे. आई कुत्र्यांनी मारली. त्याचंच सांगणार होतो तुम्हाला. घाण करतंय सगळीकडं. माझ्या आसनावर केली. देवाच्या उंबऱ्यावर केली. पोत्यात घालून ओढ्यापलीकडं सोडून येतो.”

“खातंय का काही?”

“शेळीचं दूध पितंय.”

“मग हागणारच. तू नाही हागत?”

मी पलीकडं लाकडं फोडत होतो. मला हसू आलं. विश्वंभरनं माझ्याकडं बघितलं, मी परत कुऱ्हाड उचलली.

“त्याला एका जागी बसायला शिकव,” बाबा म्हणाले. “ते बसायला लागलं की कानाचं बघू.”

“मांजराला?”

“मांजराला.”

“बाबा, मी इथं चित्त शुद्ध करायला आलो.”

“कर की. कोण नको म्हणतंय…”

---

लोकांना वाटतं साधू गोड बोलतात, डोक्यावरून हात फिरवतात. आमचा म्हातारा तसला नव्हता. एकदा सांगायचा. समजलं तर समजलं, नाहीतर बोंबल.

विश्वंभर शिकलेला. तालुक्याच्या गावी दूध संघात सुपरवायझर होता, दुधात पाणी किती ते यंत्र बुडवून सांगायचा. तशीच माणसंही मोजायचा. मठात आल्यापासून त्यानं सगळं पाण्यानं धुवायला काढलं होतं. लोटा धू, पायरी धू, बाई शिवली तर परत अंघोळ कर. मला म्हणायचा, तुमच्या अंगाला घामाचा वास येतो. लाकडं फोडल्यावर गुलाबाचा येतो का, मेल्या?

पिल्लाला शिकवायची त्याची रीत अशी. पिल्लानं कोपऱ्यात घाण केली की मानगूट धरायची, नाक त्या घाणीत दाबायचं आणि पाठीत चापट मारायची. वर ओरडायचं, “इथं नाही! इथं नाही!”

पिल्लू मुठीएवढं. डोळे नुकते स्वच्छ झालेले. राखाडी अंग, शेपटीचं टोक काळं. ते त्याला बघितलं की पळायला लागलं.

मग आसनावर घाण दिसेना. उंबऱ्यावर दिसेना. विश्वंभर खूष.

“शिकलं, बाबा!”

बाबा उठले. कोठीच्या खोलीत गेले. ज्वारीचं पोतं बाजूला केलं. मागं सगळा उकिरडा झाला होता.

“हे काय?”

विश्वंभरनं नाकावर हात धरला.

“तू त्याला काय शिकवलंस?”

“जागेवर बसायला…”

“तुझ्यापासून लपून बसायला शिकवलंस.”

आणि पोतं तसंच ठेवून म्हातारा बाहेर गेला. पोत्यामागची घाण विश्वंभरनं काढली. नाकाला फडकं बांधून, काठीला चिंधी लावून, तोंड भिंतीकडं करून. मी दारातून बघितलं. माणूस मेलेलं जनावर ओढताना एवढं तोंड फिरवत नाही.

---

दुसऱ्या दिवशी बाबांनी एक जुनं घमेलं काढलं. गवंडी टाकून गेलेलं, बुडाला गंजलेलं पण भोक नसलेलं. त्याची एक कड दगडानं ठोकून आडवी केली, म्हणजे पिल्लाला आत चढता यावं. कोठीच्या मागच्या बोळात, जिथं कुणी जात-येत नाही, तिथं ठेवलं.

“यात राख घाल.”

“चुलीची?”

“धुनीची. बारीक असते.”

विश्वंभर उभाच राहिला. “धुनीची राख? बाबा, लोक कपाळाला लावतात ती! लेकरांच्या जिभेवर ठेवतात!”

“लोकांना देऊन उरते ती फेकतोस ना मागं?”

“फेकतो, पण घाणीसाठी नाही.”

“पिल्लाला बारीक, कोरडी, उकरता येईल अशी जागा लागते. तुला पवित्र जागा लागते. शिकायचंय कुणाला?”

“राखेचा अपमान होईल.”

बाबांनी मूठभर राख उचलली. बोटांतून खाली सोडली. वाऱ्यानं थोडी विश्वंभरच्या धोतरावर गेली, त्यानं पटकन झटकली.

“झालं की. तूच केलास आता.”

विश्वंभर लाल झाला. पण राख घातली. घालायच्या आधी चाळली, निखारा नाही ना ते बघितलं. ते मात्र त्याचं त्यानं केलं, बाबांनी सांगितलं नव्हतं. खोटं कशाला सांगू.

मग बाबांनी रीत सांगितली. एकदाच.

“दूध पाजलंस की थोड्या वेळानं उचलून यात ठेव. झोपून उठलं की ठेव. पुढचा पाय धर, हळू, आणि राखेत उकर. ते बघेल. बाहेर पडलं तर पडू दे. परत ठेव. दुसरीकडं केलं तर मारू नको, ओरडू नको. तिथं पुसून घे, वास राहू देऊ नको, वासावर परत जातं. पुसलेली चिंधी घमेल्यात टाक. म्हणजे त्याला कळेल, आपली जागा ही.”

“आणि घमेलं रोज फिनेलनं धुवायचं?”

“फिनेलनं धुतलंस तर तू जाऊन बस त्यात. ते नाही बसायचं. घाण रोज काढ, राख बदल, पण घमेलं हलवू नको. एकदा दाखवलेली जागा काढून घ्यायची नाही.”

“किती दिवस लागतील?”

“त्याला विचार…”

---

त्या आठवड्यात त्याची बहीण आली.

टेकडी चढून आली, पदरानं तोंड पुसत. वत्सला नाव. थोरली. हातांना सोड्याचा वास येत होता आणि बोटं धुण्यानं पांढरी पडली होती. विश्वंभर बोळात बसला होता. पिल्लाचा पाय बोटात धरून राखेत ओढत होता.

ती बघतच राहिली.

“काय करतोयस रे विशू?”

“विशू म्हणू नको, आक्का. साधना चालली आहे.”

“मांजराला हगवायची?”

“गुरूची आज्ञा आहे.”

ती तिथंच खाली बसली. बाबा धुनीवर होते, पण बोळ काही लांब नव्हता. सगळं ऐकू जात होतं.

“तात्या तुझं नाव घेतात,” ती म्हणाली. तात्या म्हणजे त्यांचा बाप. “दुसरं काही येतच नाही तोंडातून. एक अंग गेलंय, जीभ गेलीय. इशू, इशू करत बसतात दिवसभर. चल दोन दिवस.”

“माझं काय काम तिथं?”

“काम? मला उचलवत नाहीत ते. कूस बदलायची, धुवायचं, चादर काढायची. माझी कंबर गेली रे. पाठीला जखम झालीय त्यांच्या, आतलं मांस दिसतं.”

“बाई लाव कामाला.”

“दोघी सोडून गेल्या. वास सहन होत नाही म्हणाल्या.”

पिल्लू घमेल्यातून बाहेर पडलं. विश्वंभरनं उचलून परत आत ठेवलं. अगदी हळू ठेवलं.

“तुलाही नाही झाला सहन,” आक्का म्हणाली. “म्हणून पळालास. लोकांना सांगतोस वैराग्य आलं. मला नको सांगू.”

“आक्का, त्या घरात बसून मला देवाचं नाव घेता येत नव्हतं. डोळे मिटले की तो वास.”

“आई गेली तेव्हा तू पाळण्यात होतास. तात्यांनी मोठं केलं तुला. शिवणाची मशीन थांबवायचे आणि पायांवर घेऊन बसायचे तुला अंगणात. तू हागेपर्यंत. गिऱ्हाईक दारात उभं असायचं, ब्लाऊज मागायचं. तात्या म्हणायचे, थांबा बाई, आमचे साहेब बसलेत.”

ती हसली सांगताना. मग तिचं तिलाच रडू आलं.

“कधी तोंड फिरवलं नाही रे त्यांनी. मी बघितलंय.”

विश्वंभर पिल्लाकडं बघत होता. म्हणाला, “मी गेलो तर हे विसरेल सगळं. शिवरात्र तोंडावर आली. दीक्षा झाली की येईन.”

“दीक्षा झाली की घर राहात नाही म्हणतात ना?”

“दर्शन द्यायला येईन.”

आक्का उठली. गुडघ्यावर हात ठेवून, दोनदा प्रयत्न करून उठली. धुनीपाशी आली. बाबांच्या पाया पडली नाही.

“तुम्ही सांगा त्याला,” म्हणाली.

बाबांनी विश्वंभरला हाक मारली. तो आला.

“मी जा म्हणलं तर जाशील?”

“तुमची आज्ञा असेल तर जाईन.”

“आज्ञा नाही.”

विश्वंभरनं बहिणीकडं बघितलं. बघ, म्हणाल्यासारखं.

बाबा म्हणाले, “आज्ञा नाही म्हणलं. जाऊ नको, असं नाही म्हणलं.”

पण तोवर तो बोळाकडं वळला होता. पिल्लू ओरडत होतं.

---

बाई टेकडी उतरून गेल्यावर मी बाबांपाशी गेलो. मला राग आवरत नाही, कधीच आवरला नाही.

“सरळ सांगायचं होतं. जा, बापाचं कर, नाहीतर मठात येऊ नको.”

“सांगितलं असतं तर गेला असता. माझ्या भीतीनं. पोत्यामागचं आठवतंय ना…”

“बाबा, तिकडं त्याच्या बापाची चादर ओली आहे. भीतीनं बदलली काय नि मायेनं बदलली काय, त्याला कोरडंच लागणार.”

म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. मग धुनीकडं. लाकूड नीट होतं तरी त्यानं ते हलवलं.

“तो पिल्लाजवळ बसतोय,” म्हणाला. “आधी नाकाला फडकं बांधायचा, आता बांधत नाही. उजेड पडेल डोक्यात. मी वाट बघतोय.”

“आणि तोवर त्याचा बाप वाट बघतोय.”

मी उठून आलो. त्या दिवशी लाकडं चांगली फुटली.

---

आणि विश्वंभर शिकवत होता, हे खरं. मला माणूस आवडत नाही म्हणून काम नाकारता येत नाही.

दूध पाजायचा. मांडीवर घेऊन पोट चोळायचा. घमेल्यात ठेवायचा, पाय धरून उकरायचा, उकिडवा बसून राहायचा. पिल्लू बाहेर उडी मारायचं, तो परत ठेवायचा. एकदा त्याच्या धोतरावरच केलं. मला वाटलं आता आपटतो त्याला. त्यानं धोतराचा तेवढा सोगा पाण्यानं धुतला आणि पुसलेली चिंधी घमेल्यात टाकली. तोंडातून शब्द नाही.

बाबा लांबून बघायचे. म्हाताऱ्याच्या तोंडावर तेव्हा काहीतरी यायचं. आशा म्हणतात ती असावी. साधूला ती असू नये म्हणतात, पण होती.

एका सकाळी पिल्लू आपणहून उठलं. आळस दिला, बोळात गेलं. आडव्या कडेवरून घमेल्यात चढलं, राख हुंगली, खड्डा केला. बसलं. मग मागं वळून राख ओढली, व्यवस्थित झाकलं, आणि शेपटी वर करून बाहेर आलं.

विश्वंभर धावत आला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

“बसलं, बाबा! मी काही केलं नाही. हातही लावला नाही. आपलं आपण गेलं!”

बाबा उठून उभे राहिले. “घाण वाटली?”

“कसली?”

“त्याची.”

“छे! एवढंसं पोर ते. त्याला काय कळतं.”

“मारावंसं वाटलं?”

“नाही.”

“बरं.” म्हातारा जवळ आला. “मग आता कुठं जाणार?”

विश्वंभरनं विचार केला. खरोखर केला. मी कुऱ्हाड खाली ठेवली होती. धुनीत एक लाकूड फुटलं.

तो म्हणाला, “आता शिवरात्रीची तयारी करतो. कुंडलं आणायला तालुक्याला जाऊ का, का मठातली जुनी चालतील?”

बाबा खाली बसले. हळूहळू बसले, म्हाताऱ्यासारखे. तोवर मला ते कधी म्हातारे वाटले नव्हते.

“जुनी आहेत,” म्हणाले.

---

शिवरात्रीला सकाळपासून माणसं चढायला लागली. बेलाच्या टोपल्या, उसाचे तुकडे, ढोल. विश्वंभरनं पहाटेच सगळा मठ धुऊन काढला होता. मग अंघोळ करून लंगोट लावला, धुनीची राख चाळून अंगभर फासली. कपाळ, छाती, हात, मांड्या, पाय. पांढराफटक दिसत होता. धुनीसमोर मांडी घालून बसला, पाठ ताठ, डोळे अर्धे मिटलेले. बायका लांबून हात जोडत होत्या. त्याला ते दिसत होतं. अर्ध्या मिटल्या डोळ्यांना बरंच दिसतं.

बाबांच्या पुढं सुरी होती. फडक्यात गुंडाळलेली. त्यांनी ती अजून सोडली नव्हती.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली.

वत्सला आली होती. डोक्याला तेल नव्हतं. लुगडं चुरगळलेलं. पुढं येऊन भावासमोर उभी राहिली.

“तात्या गेले.”

ढोल वाजवणारा थांबला.

“काल नेलं त्यांना. चुलत्याच्या भास्करनं अग्नी दिला. तुला निरोप धाडला होता, माणूस म्हणाला पायथ्याशी गर्दी आहे, वर जाता आलं नाही. खोटं बोलला असेल. असू दे.” तिचा आवाज अगदी कोरडा होता. “उद्या राख सावडायचीय. तेवढ्याला चल. तेवढं तरी हातानं कर.”

विश्वंभरचे डोळे पूर्ण उघडले. राखेवरून एक ओघळ खाली आला, गालावर काळी रेघ उमटली. मी म्हणलं, उठला आता. उठलाच.

तो उठला नाही.

“कसे गेले?”

“कशी जातात माणसं? ओल्यात.”

लोक बघत होते. चार गावची माणसं बघत होती. त्यानं श्वास घेतला, पाठ परत ताठ केली.

“साधूला सुतक नसतं, आक्का.”

“तू अजून साधू नाहीस.”

“कान फाडले की होईन.” मग बाबांकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “एक पाश होता, तोही देवानं तोडला. आता मागं काही उरलं नाही. काढा सुरी, बाबा.”

कुणीतरी मागून जयजयकार केला. गर्दीत एखादा गाढव असतोच.

वत्सला बाबांपुढं वाकली. “तुम्ही सांगायचं होतं त्या दिवशी,” म्हणाली. “एक शब्द. तुमचं ऐकलं असतं त्यानं.”

बाबांनी मान खाली घातली.

“होय, बाई. सांगायचं होतं.”

एवढंच. बाकी काही नाही. मी त्या म्हाताऱ्याला कुणापुढं मान खाली घालताना त्याआधी बघितलं नव्हतं.

मग पिल्लाचं ओरडणं ऐकू आलं.

बोळातून बाहेर आलं ते. परत आत गेलं. परत बाहेर आलं. जमीन हुंगत इकडून तिकडं, तिकडून इकडं. गळा काढून ओरडत होतं.

“घमेलं कुठंय?” बाबांनी विचारलं.

“घासून उपडं घातलं,” विश्वंभर म्हणाला. “वर, कोठीच्या फळीवर. आज एवढी माणसं येणार, मठात ती घाण कशाला. आणि आता शिकलंय ना ते.”

बाबांनी त्याच्याकडं बघितलं. “जागा काढून घेतलीस?”

“आजच्या दिवसापुरती.”

“त्याला आजच लागलीय.”

“बाबा, मुहूर्त…”

पिल्लू माणसांच्या पायांतून पुढं आलं. बायकांनी लुगडी आवरली. ते धुनीच्या कडेला गेलं, ऊब लागली तसं मागं झालं. नाक वर करून हुंगलं. मग विश्वंभरकडं वळलं.

त्याच्या मांडीवर चढलं. रोजच चढायचं, त्यात काही नवं नव्हतं. तो हललाही नाही, ताठ बसून राहिला. लोक कौतुकानं बघायला लागले. एक बाई म्हणाली, बघा, मुक्या जनावरालाही कळतं.

पिल्लानं हुंगलं. मांडीवरून खाली उतरलं, दुमडलेल्या पायांवर. जिथं राख जाड बसली होती तिथं. पुढच्या पंज्यानं उकरलं, जसं विश्वंभरनंच पाय धरून शिकवलं होतं तसं. एकदा गोल फिरलं. आणि शेपटी ताठ करून, डोळे बारीक करून, त्याच्या पायांवर बसलं.

कुणी हसलं नाही.

वास आला. विश्वंभरनं तोंड फिरवलं. मग त्याचा हात वर गेला, पंजा उघडा, पहिल्या दिवसांत जायचा तसा.

पिल्लू दबलं नाही. मागं वळून पायांवरची राख ओढत होतं. झाकत होतं.

वत्सलाच्या तोंडातून आवाज निघाला, रडण्याचा का कसला ते कळलं नाही.

बाबांनी सुरी तशीच फडक्यात ठेवली, उचलून मागं सारली. मग हात लांब करून विश्वंभरचं मनगट वरच्या वर धरलं.

“मारू नकोस,” म्हणाले. “त्याचं चुकलेलं नाही. राख बघूनच बसलंय ते.”